कॉफी आय्ता?

सकाळचे साडेसहा. बंगळुरूच्या शंकरपुरम भागातल्या एका छोट्या दुकानासमोर माणसं उभी आहेत. कुणी फिरून आलेलं, कुणी देवळातून, कुणी दुधाची पिशवी हातात घेऊन. बसायला खुर्ची नाही, टेबल नाही. एका हातात इडलीची बशी, दुसऱ्या हातात वाफाळता पेला. बोलणं चाललंय क्रिकेटचं, पावसाचं, पोरांच्या परीक्षांचं. दहा मिनिटांत एक घोळका हलतो आणि त्याच्या जागी दुसरा येतो. या दुकानाचं नाव ‘ब्राह्मिन्स कॉफी बार’. १९६५ पासून ते इथं आहे. पदार्थ हाताच्या बोटांवर मोजावेत इतकेच. इडली, वडा, खाराबाथ म्हणजे आपला तिखट सांजा, केसरीबाथ म्हणजे शिरा, आणि कॉफी-चहा. सोबत चटणी. सांबार मागाल तर मिळणार नाही!

आता याच शहरातलं दुसरं चित्र पाहा. चौदाव्या मजल्यावरचा फ्लॅट. लेक आणि जावई सकाळी आठला कामावर गेलेत, नात शाळेत. नाशिकहून किंवा सोलापूरहून दोन महिन्यांसाठी आलेले आजोबा खिडकीशी बसलेत. खाली रस्ता दिसतो, पण त्या रस्त्यावर ओळखीचं कुणी नाही. भाषा येत नाही. गावाकडे सकाळी कट्ट्यावर चार जण ‘काय, चहा झाला का?’ म्हणून विचारायचे. इथं विचारणारं कोण?

असे आजी-आजोबा आज बंगळुरूत शोधायला लागत नाहीत. मुलं नोकरीनिमित्त तिकडे स्थायिक झाली आणि महाराष्ट्रातल्या किती तरी घरांची एक खिडकी कायमची तिकडे उघडली. या पाहुण्यांना मुलं हौसेनं मॉल दाखवतात, लालबाग दाखवतात, म्हैसूरची सहल घडवतात. पण शहर आपलंसं वाटायला सहल पुरत नाही. त्यासाठी रोज जाता येईल अशी एक जागा लागते. बंगळुरूत ती जागा बहुतेक वेळा कॉफीच्या दुकानात सापडते. फक्त ते दुकान शोधायचं कसं, हे ठाऊक हवं.

चहाच्या घरातून कॉफीच्या गावात

आपलं मराठी घर तसं चहाचं. कॉफी व्हायची ती खास पाहुण्यांसाठी, रात्रीच्या जागरणासाठी नाही तर अभ्यासाला बसलेल्या मुलासाठी. दुधात उकळलेली, वर जायफळ किसलेली. बंगळुरूची कॉफी या कॉफीची सख्खी बहीण नव्हे, फार तर चुलत बहीण म्हणता येईल.

तिकडे कॉफी ही रोजची भाकरी आहे. भारतातल्या एकूण कॉफीपैकी सुमारे ७० टक्के कॉफी एकट्या कर्नाटकात पिकते. चिक्कमगळूर, कोडगू आणि हासन हे तिचे जिल्हे. सतराव्या शतकात बाबा बुडन नावाच्या सूफी संतानं हजहून परतताना येमेनमधून कॉफीच्या सात बिया लपवून आणल्या आणि चिक्कमगळूरच्या डोंगरात लावल्या, अशी आख्यायिका आहे. त्या डोंगररांगेला आजही त्यांचंच नाव आहे. गंमत म्हणजे त्याच शतकात बंगळूर ही शहाजीराजांची जहागीर होती. तेव्हा मराठी माणसाला हे शहर अगदीच परकं नाही!

आपण ‘चहा झाला का?’ विचारतो, तसं इथं विचारतात, ‘कॉफी आय्ता?’ म्हणजे कॉफी झाली का? उत्तरात कॉफीची माहिती कुणालाच नको असते. माणूस बरा आहे ना, एवढंच विचारायचं असतं. आपल्याकडच्या ‘कटिंग’ला इथं ‘बाय टू’ म्हणतात. एक कॉफी मागवायची आणि दोघांनी वाटून प्यायची.

पेल्यात काय घडतं?

दुकान पारखायचं तर आधी कॉफी कशी होते ते पाहायला हवं. घरगुती फिल्टर म्हणजे एकावर एक बसणारी पितळेची किंवा स्टीलची दोन भांडी. वरच्या भांड्याच्या तळाला बारीक भोकं असतात. त्यात कॉफीची पूड घालायची, चकतीनं हलकेच दाबायची आणि वरून उकळतं पाणी ओतायचं. मग पंधरा-वीस मिनिटं धीर धरायचा. खाली थेंबाथेंबानं जो काळा, दाट अर्क जमतो, तो डिकॉक्शन. गरम दुधात तो ओतला, साखर घातली आणि पेल्यातून दवऱ्यात, दवऱ्यातून पेल्यात वरखाली केला, की फेस येतो आणि कॉफी पिण्याजोगी कोमट होते. दवरा म्हणजे पेल्याखालची पसरट वाटी. ती काही शोभेची नसते!

मर्म आहे ते डिकॉक्शनमध्ये. ते ताजं असेल तर सुगंध राहतो. तासन् तास पडून राहिलं, पुन्हा पुन्हा तापवलं, की वास उडून जातो आणि कडवटपणा मागे राहतो. म्हणून ज्या दुकानात गिऱ्हाइकांची सतत ये-जा असते, तिथं डिकॉक्शनला शिळं व्हायला सवडच मिळत नाही. उलट एखाद्या सजवलेल्या, पण रिकाम्या हॉटेलात तेच डिकॉक्शन सकाळपासून वाट पाहत बसलेलं असतं.

आता शंकरपुरमच्या त्या दुकानात खुर्च्या का नाहीत आणि पदार्थ चार-पाचच का, ते लक्षात येईल. बसलेलं गिऱ्हाईक अर्धा तास जागा अडवतं, उभं असलेलं दहा मिनिटांत निघतं. जागा लहान म्हणून भाडं आवाक्यात. पदार्थ मोजके म्हणून उरतं-सांडतं कमी, आणि जे आहे ते कायम ताजं. गैरसोय वाटते ती खरं तर चवीची राखणदार असते. उभ्यानं खायची ही रीत इथं इतकी रुजली की १९८० च्या दशकात जयनगर भागातून ‘दर्शिनी’ पद्धतीची उपाहारगृहं सुरू झाली आणि बघता बघता शहरभर पसरली. गल्ल्यावर पैसे द्या, टोकन घ्या, खिडकीवर बशी घ्या आणि उंच टेबलाशी उभ्यानं खा!

पाट्या नको, पेले पाहा

तर मग चांगलं दुकान ओळखायचं कसं? पाटीवरून नाही आणि रविवारच्या गर्दीवरूनही नाही. रविवारी नावाजलेल्या ठिकाणी बाहेरगावचे लोक रांग लावतात. खरी परीक्षा कामाच्या दिवशी, सकाळी साडेसहा ते आठच्या दरम्यान. त्या वेळी जिथं आसपासचे लोक घरच्या चपलांनी आलेले दिसतील, तिथं बिनधास्त थांबा. चप्पल घरची आहे, म्हणजे माणूस रोजचा आहे.

दुसरी खूण हातांची. कॉफी करणारा दूध आणि डिकॉक्शन वेगवेगळं ठेवतो का? प्रत्येक पेल्यात आधी डिकॉक्शन, मग दूध असं मोजून ओततो का? की सगळं एकत्र उकळून ठेवलेल्या पातेल्यातून पळीनं वाढतो? पातेलं दिसलं, तर पुढचं दुकान गाठा.

तिसरी खूण जिभेची. पहिल्या दिवशी साखर कमी सांगा. ‘सक्करे कम्मी’ म्हटलं की काम झालं. शब्द तर जवळजवळ आपलाच! चांगली कॉफी कडू असते, पण ती करपट लागत नाही. घोट गिळल्यावरही तिची चव थोडा वेळ जिभेवर रेंगाळते. जी नुसती काळीकुट्ट आणि दाट दिसते, पण वास मात्र येत नाही, तिच्यात चिकोरी जास्त असावी.

चिकोरीला नाकं मुरडायचं मात्र कारण नाही. ते एका झाडाचं मूळ असतं. वाळवून, भाजून, दळून कॉफीत मिसळतात. त्यानं दाटपणा आणि रंग येतो, किंमतही खाली येते. दक्षिणेतल्या अनेकांना तिच्याशिवाय कॉफी पचतच नाही! मात्र प्रमाण ठाऊक असावं. कायद्यानं अशा मिश्रणात कॉफी निदान ५१ टक्के असायलाच हवी आणि पाकिटावर दोन्हींचं प्रमाण छापायला हवं. जुन्या वस्त्यांतल्या कॉफीपूड विकणाऱ्या दुकानांत तर डोळ्यांदेखत बिया दळून देतात. ‘पीबेरी’ आणि ‘प्लांटेशन ए’ ही नावं तिथं कानावर पडतील. कॉफीच्या फळात साधारणपणे दोन चपट्या बिया असतात. एकच गोल बी भरली, तर ती पीबेरी. ‘प्लांटेशन ए’ ही धुतलेल्या अरेबिका बियांची मोठ्या आकाराची प्रत. हॉटेलवाला पूड कुठून घेतो, हे त्यालाच विचारा. चांगला हॉटेलवाला हे लपवत नाही, उलट खुलतो.

दोन वस्त्या, पाच पत्ते

शोधाला सुरुवात करायची तर मल्लेश्वरम आणि बसवनगुडी या दोन जुन्या वस्त्यांतून करावी. पुण्याप्रमाणे बंगळुरूवरही प्लेगचं संकट आलं होतं. १८९८ च्या त्या साथीनंतर दाट पेठांतून लोक मोकळ्या हवेत राहायला निघाले आणि या वस्त्या वाढल्या. रुंद रस्ते, झाडं, देवळं, बाजार आणि ओघानं कॉफी!

बसवनगुडीच्या गांधी बझारमध्ये १९४३ पासून ‘विद्यार्थी भवन’ आहे. नावाप्रमाणं विद्यार्थ्यांसाठी सुरू झालेलं. इथला वेटर दोशांच्या बशांची उतरंड एका हातावर तोलत येतो, तेव्हा बोलणारी माणसं क्षणभर गप्प होतात. शुक्रवारी बंद असतं, हे लक्षात ठेवून जावं. मेट्रोच्या हिरव्या मार्गावर ‘नॅशनल कॉलेज’ स्थानकावर उतरलं की गांधी बझार जवळ. शंकरपुरमचं ते उभ्यानं खायचं दुकानही याच परिसरातलं.

लालबागच्या बाजूला ‘एमटीआर’ म्हणजे मावळ्ळी टिफिन रूम्स. सुरुवात १९२४ ची. तयार पिठांच्या पाकिटांवरचं हे नाव आपल्या स्वयंपाकघरात कधीच पोचलंय, पण त्यामागची गोष्ट ऐकण्यासारखी आहे. आणीबाणीच्या काळात हॉटेलातल्या पदार्थांच्या दरांवर सरकारनं मर्यादा घातली. त्या भावात मनासारखा दर्जा देणं परवडेना. मालकांनी दर्जा उतरवला नाही, काही काळ हॉटेलच बंद ठेवलं! मग कामगारांच्या हाताला काम हवं म्हणून तयार पिठं करून विकण्याकडे वळले, आणि त्यातूनच पुढचा मोठा व्यवसाय उभा राहिला.

मल्लेश्वरमला जायचं तर हिरव्याच मार्गावरचं ‘मंत्री स्क्वेअर संपिगे रोड’ स्थानक. तिथल्या मार्गोसा रस्त्यावर ‘सीटीआर’ लोण्यातल्या दोशासाठी, तर ‘वीणा स्टोअर्स’ इडलीसाठी प्रसिद्ध. दोन्हीकडे खाणं झाल्यावर कॉफी हवीच. पण एक सांगायला हवं. ही नावं म्हणजे शोधाचा शेवट नव्हे. इथं जाऊन जिभेला चांगल्या कॉफीची ओळख पटवून घ्यायची आणि मग आपल्या मुलाच्या घराजवळच्या गल्लीत तिच्या तोडीची कॉफी शोधायची. कारण रोज मेट्रोनं जाऊन कुणी सकाळची कॉफी पीत नाही.

नोकरी गेली, कॉफी हाऊस राहिलं

अशी दुकानं टिकतात कशी आणि जातात कशी, हे एका कॉफी हाऊसच्या गोष्टीतून समजतं. त्या गोष्टीचा एक धागा मुंबईचा आहे. भारतीय कॉफीचा खप वाढावा म्हणून १९३६ मध्ये ‘इंडिया कॉफी हाऊस’ची पहिली शाखा उघडली ती मुंबईत, चर्चगेटला. पुढं कॉफी बोर्डाच्या अखत्यारीत देशभर शाखा झाल्या. १९५० च्या दशकात बोर्डानं त्या बंद करायचं ठरवलं आणि कामगार रस्त्यावर आले. कम्युनिस्ट नेते ए. के. गोपालन यांनी त्यांना मार्ग सुचवला, ‘तुम्हीच चालवा!’ आणि ऑगस्ट १९५७ मध्ये बंगळुरूत कॉफी कामगारांची पहिली सहकारी संस्था स्थापन झाली. कालपर्यंत पगारावर कॉफी वाढणारी माणसं मालक झाली. सहकाराचं बाळकडू प्यालेल्या महाराष्ट्राला याचं मोल वेगळं सांगायला नको.

बंगळुरूत महात्मा गांधी रस्त्यावरचं त्यांचं कॉफी हाऊस पन्नास वर्षं शहराचा दिवाणखाना होतं. पांढरा गणवेश आणि डोक्यावर तुऱ्याचा फेटा घातलेले वेटर, साधी टेबलं, आणि एका कॉफीवर तासभर बसलं तरी कुणी उठवायचं नाही. २००९ मध्ये ती जागा सोडावी लागली आणि कॉफी हाऊस जवळच्या चर्च स्ट्रीटवर गेलं. कॉफी तीच राहिली, पण कित्येकांची खिडकीजवळची जागा कायमची गेली. मोक्याच्या रस्त्यावर जागेचे भाव चढतात, पेल्याचे भाव त्या वेगानं चढवता येत नाहीत. स्वतःची जागा असेल किंवा घरमालक जुना असेल, तोवर दुकान तग धरतं. म्हणून चांगलं दुकान सापडलं तर ‘पुढच्या खेपेला जाऊ’ म्हणू नये!

नव्या पिढीची कॉफी

मग नव्या मुलांच्या कॉफी-दुकानांचं काय? पूर्वी बागायतदारांना सगळं पीक कॉफी बोर्डाकडेच द्यावं लागे. १९९० च्या दशकात हे बंधन टप्प्याटप्प्यानं उठलं. १९९६ मध्ये ब्रिगेड रोडवर ‘कॅफे कॉफी डे’ची पहिली शाखा उघडली आणि गारेगार हवेत बसून कॉफी पिण्याचं वारं देशभर पसरलं. साखळीवाल्या दुकानांत पुणं असो की पाटणा, कॉफी सारखीच लागावी अशी अपेक्षा असते.

आता इंदिरानगर, कोरमंगलासारख्या भागांत तिसरीच जात दिसते. एकट्यादुकट्यानं चालवलेली, स्वतः बिया भाजणारी छोटी दुकानं. इथं फळ्यावर मळ्याचं नाव लिहिलेलं असतं आणि पाकिटावर बिया भाजल्याची तारीख. किंमत बघून आजी म्हणेल, ‘एवढ्यात तर आठवड्याचं दूध येईल!’ आजीचं काही चुकत नाही. पण दूध-साखरेविना काळी कॉफी एकदा चाखून बघावी. एका मळ्याची कॉफी संत्र्यासारखी आंबूस लागते, तर दुसऱ्या मळ्याची गुळासारखी, हे पहिल्यांदाच कळतं. महिन्यातून एकदा नातवाबरोबर जायला अशी जागा छान. नातू सांगेल, आजोबा ऐकतील. एरवी उलटंच चालतं!

बंगळुरूला जाणं नसेल, तरी हा शोध आपल्या गावात घेता येतो. मुंबईत माटुंग्याच्या किंग्ज सर्कल परिसरात ‘कॅफे मैसूर’ १९३६ पासून आणि ‘कॅफे मद्रास’ १९४० पासून आहे. पुण्यात फर्ग्युसन रस्त्यावरच्या ‘वैशाली’च्या कॉफीवर कित्येकांच्या तरुणपणाचा हिशेब लिहिलेला आहे. लहान गावातही एखादा उडुपी हॉटेलवाला पहाटे फिल्टर लावत असेल. कसोट्या त्याच. घरची चप्पल, वेगळं डिकॉक्शन आणि खुलून बोलणारा मालक.

पाचवा दिवस

पुन्हा चौदाव्या मजल्यावर येऊ. समजा, आजोबांनी मनावर घेतलं. पहिल्या दिवशी ते खाली उतरून दोन गल्ल्या फिरले आणि पातेल्यातली कॉफी पिऊन वैतागून परत आले. दुसऱ्या दिवशी देवळामागे एक अरुंद दुकान दिसलं, समोर सात-आठ माणसं उभी होती. चाचरत म्हणाले, ‘वन कॉफी... सक्करे कम्मी.’ कॉफी बरी निघाली. तिसऱ्या दिवशी आजीलाही घेऊन गेले आणि दोघांत मिळून ‘बाय टू’ घेतली. चौथ्या दिवशी शेजारी उभ्या असलेल्या गृहस्थांनी मोडक्या हिंदीत विचारलं, ‘महाराष्ट्र?’ त्यांचा मुलगा पुण्यात नोकरीला होता! एकाचा मुलगा इकडे, दुसऱ्याचा तिकडे. बोलायला मग विषय कमी पडतो का?

पाचव्या दिवशी आजोबा गल्ल्यापाशी पोचायच्या आधीच काउंटरवरच्या माणसानं पेला पुढं सरकवला. साखर कमी, न सांगता. आणि विचारलं, ‘कॉफी आय्ता?’

कॉफी त्याच्याच हातात होती, म्हणजे झाली नव्हती, हे त्यालाही ठाऊक होतं. पण आजोबांना त्या प्रश्नाचा अर्थ बरोबर समजला. संध्याकाळी लेकीनं विचारलं, ‘बाबा, परतीचं तिकीट काढू का?’ तर म्हणाले, ‘थांब गं, घाई काय आहे?’